नाण्याची पारख आणि नाण्याची प्रत

चाळीसगावापासून थोड्याच अंतरावर, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या पाटण येथील शिलालेख मराठी वाचकांस मुख्यतः भास्कराचार्यांमुळे परिचित आहे. यादव नृपती सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशातील सोईदेवाने शके ११२८ मध्ये त्या मठास उत्पन्न लावून दिले. लेखाच्या मराठी भागात पेठेतील खरेदीविक्रीवरील लहानसहान देणी मठाकडे लावून दिल्याची नोंद आहे. ज्या ग्रंथांच्या पठणासाठी ही देणी गोळा होत, त्यांतील ‘लीलावती’मध्ये मंगलाचरणानंतर लगेच नाण्यांचे कोष्टक येते : वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क. पुढे सुवर्णगणिताचे स्वतंत्र प्रकरण आहे. निरनिराळ्या वजनांचे व निरनिराळ्या वर्णांचे सोने एकत्र आटविले असता येणाऱ्या लगडीचा वर्ण काय असेल, हा तेथील प्रश्न. शुद्ध सोने सोळा वर्णांचे मानले जाई. धातूची प्रत आकड्याने सांगण्याची आणि त्या आकड्यावरून मोल ठरविण्याची रीत खानदेशच्या या कोपऱ्यात निदान आठशे वर्षांपूर्वी शिकविली जात होती, असे म्हणावयास हरकत नाही.

आज नाणकसंग्राहकांच्या व्यवहारात ‘प्रतवारी’ हा शब्द ज्या अर्थाने रूढ झाला आहे, तो मात्र याहून सर्वस्वी निराळा आहे. धातूच्या कसाचा येथे फारसा संबंध नाही. नाणे किती झिजले, त्याच्या पृष्ठावर ओरखडे किती, मूळची झळाळी किती उरली, यांवरून एखादी व्यावसायिक संस्था त्यास १ ते ७० यांमधील एक आकडा देते आणि तो आकडा लिहिलेल्या पारदर्शक डबीत नाणे कायमचे मोहोरबंद करते. संग्राहक आणि विक्रेता या दोघांच्याही वर्तनात या आकड्यामुळे पडलेला फरक समजून घ्यावयाचा, तर आधी पारखीची जुनी व्यवस्था ध्यानात घेणे इष्ट ठरेल.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात खानदेशात पेशवे, होळकर आणि शिंदे यांचे अंमल एकमेकांत मिसळलेले होते, आणि प्रत्येकाच्या मुलखातील रुपया दुसऱ्याच्या मुलखात फिरत होता. चांदवडच्या टांकसाळीत पडलेला चांदवडी रुपया, नाशिकचा गुलशनाबाद नावाचा रुपया, पुण्याकडील अंकुशी, सुरतेचा सुर्ती, असे अनेक रुपये एकाच बाजारात चालत. यांतील बहुतेकांवर नाव दिल्लीच्या बादशहाचे असे. मात्र वजन आणि कस टांकसाळीगणिक व वर्षागणिक बदलत. टांकसाळी पुष्कळदा खाजगी इसमांस सनद देऊन चालविल्या जात, आणि सनदेत ठरविलेला कस प्रत्यक्षात राखला जाईलच असा भरवसा नसे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९९ साली मराठी राज्यातील चलन व टांकसाळी यांवर जो निबंध वाचला, त्यात या व्यवस्थेचे चित्र पाहावयास मिळते.

अशा स्थितीत कोणताही रुपया केवळ मोजून घेता येत नसे. तो पारखून घ्यावा लागे. हे काम पोतदाराचे आणि सराफाचे. नाणे दगडावर वाजवून त्याचा नाद ऐकणे, काट्यात तोलणे, कसोटीवर रेघ ओढून पाहणे, शंका आल्यास कडेस लहानसा छेद देऊन आतील धातू पाहणे, या त्याच्या रीती होत. पारखून झालेल्या नाण्यावर पुष्कळदा तो आपली बारीकशी खूण ठोकी. तीच खूण पुढच्या सराफास ओळखीची असली म्हणजे पुन्हा पारखण्याचे श्रम वाचत. सरकारी भरण्याच्या रुपयाशी तुलना करता जे कमी भरे, तितका बट्टा कापला जाई. नव्या सालाच्या रुपयास चढा भाव आणि जुन्या सालाच्या रुपयास बट्टा, हा मोगली चलनातील परिपाठही येथे चालू राहिला. मराठी भाषेने हा सारा व्यवहार जपून ठेवला आहे. नावाला बट्टा लागतो, माणूस पारखून घ्यावा लागतो, बोलणे खणखणीत असते आणि गुण बावनकशी असतो. पोतदार, पारख, सराफ, टंकसाळे ही आडनावेही त्याच व्यवहाराची साक्ष देतात.

या व्यवस्थेतील दोष उघड होता. जो पारख करी तोच बट्टा घेई. बट्टा किती हे ठरविणारा आणि बट्ट्यावर उपजीविका करणारा इसम एकच असल्यामुळे, खेड्यातून माल विकावयास आलेल्या कुणब्याला त्याच्या शब्दावर विसंबण्यावाचून गत्यंतर नव्हते. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अंमलाखाली आला, तरी हे बहुविध रुपये लगेच नाहीसे झाले नाहीत. १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा आणि बारा भागांत अकरा भाग चांदीचा एकच कंपनी रुपया ठरला, त्यानंतर हळूहळू यंत्राने पाडलेला, कडेला खाचा असलेला कलदार रुपया सर्वत्र रुळला. तो मोजून घेता येई. सराफाची पारख चलनाच्या व्यवहारातून निघून गेली आणि पुढे केवळ दागिन्यांपुरती उरली.

संग्राहकाच्या व्यवहारात तो जुना दोष मात्र नव्या रूपाने कायम राहिला. जुने नाणे विकणारा व्यापारी तेच नाणे ‘उत्तम स्थितीत’ आहे असे सांगे, आणि विकत घेताना तोच व्यापारी त्याच नाण्यास ‘साधारण’ म्हणे. मुंबईपुण्याच्या संग्राहकास चार दुकाने हिंडून तुलना तरी करता येई. चाळीसगाव, धुळे, जळगाव अशा गावी बसून टपालाने नाणी मागविणाऱ्यास तीही सोय नव्हती. साच्यात ओतून केलेली बनावट नाणी त्याच्याच माथी अधिक मारली जात. पारख करणारा आणि विकणारा हे दोन इसम वेगळे असावेत, ही मागणी म्हणूनच न्याय्य होती, आणि व्यावसायिक प्रतवारीचे खरे समर्थन येथेच आहे.

ती मागणी प्रथम अमेरिकेत पुरी झाली. आकड्यांची कल्पना विल्यम शेल्डन याची. हा गृहस्थ मूळचा मानसशास्त्रज्ञ. मानवी शरीराची ठेवणही त्याने एक ते सात अशा अंकांच्या तीन मापांनी वर्गीकृत केली होती. १९४९ मध्ये त्याने अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात १ ते ७० ही श्रेणी मांडली. आकड्याचा अर्थ त्या वेळी सरळ होता : जेमतेम ओळखू येणाऱ्या नगाची जी मूळ किंमत, तिच्या सत्तरपट किंमत निर्दोष नगास यावी. म्हणजे ही श्रेणी सौंदर्याची वा शास्त्राची नसून एका विशिष्ट काळातील, एका विशिष्ट नाण्याच्या बाजारभावाची होती. तो भाव काही वर्षांतच बदलला. श्रेणी मात्र राहिली. अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशनने १९७७ मध्ये तिच्या आधारे सर्वच अमेरिकन नाण्यांसाठी मानके प्रसिद्ध केली. १९८६ मध्ये प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिस आणि १९८७ मध्ये न्युमिस्मॅटिक गॅरंटी कॉर्पोरेशन या संस्था निघाल्या, आणि नाणे डबीत बंद करण्याची पद्धत त्यांच्यामुळे सार्वत्रिक झाली. नाण्याचा मालक कोण हे परीक्षकास कळू द्यावयाचे नाही, एकाहून अधिक परीक्षकांनी स्वतंत्रपणे पाहावयाचे आणि मग अंतिम आकडा ठरवावयाचा, अशी त्यांची रीत आहे. ६० आणि त्यावरील आकडे चलनात न फिरलेल्या नाण्यांसाठी राखून ठेवलेले असतात.

यंत्राने पाडलेल्या, लक्षावधी संख्येच्या नाण्यांस ही रीत चांगली लागू पडते. १९११ सालचा पंचम जॉर्जचा रुपया घ्यावा. बादशहाच्या वस्त्रावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाल्यामुळे तो मागे घेण्यात आला आणि पुढील वर्षी चित्र सुधारले गेले. या रुपयाचा एक नग दुसऱ्यापासून वजनाने, कसाने वा अक्षरांनी भिन्न नसतो. फरक काय तो टिकून राहण्याचा. तेव्हा एखाद्या तटस्थ माणसाने तो फरक आकड्याने सांगितला, तर दूरच्या संग्राहकाचा लाभच होतो.

बाजारावर झालेला परिणाम मात्र एवढ्यावर थांबला नाही. नाणे न पाहता केवळ आकड्यावर सौदे होऊ लागले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील गुंतवणुकीचा पैसा या धंद्यात शिरला, १९८९ मध्ये भाव शिगेस पोचले आणि लवकरच कोसळले. १९९० मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने प्रतवारीच्या निःपक्षपातीपणाविषयी केल्या जाणाऱ्या दाव्यांवर आक्षेप घेतला. तथापि पद्धत टिकली, आणि तिच्याबरोबर तिचे अनिष्ट परिणामही टिकले. एका आकड्याच्या फरकाने किमतीत कित्येक पटींचे अंतर पडू लागल्यावर ६४ मिळालेले नाणे डबी फोडून पुन्हा पाठवावे, कदाचित ६५ मिळतील, हा व्यापाऱ्यांचा नित्याचा उद्योग झाला. तेच नाणे तीनदा पाठविले म्हणजे संस्थेच्या नोंदीत ते तीन नाणी म्हणून दिसते. दुर्मिळतेचा अंदाज ज्या नोंदींवरून करावयाचा त्याच नोंदी अशा फुगतात. पुढे दिलेल्या आकड्यांतही भक्कम कोणते आणि डळमळीत कोणते हे सांगणारी आणखी एक संस्था २००७ मध्ये निघाली. पारखीची पारख करण्याची ही वेळ आल्यावर आपल्याकडील जुन्या सराफांना हसू आले असते. डब्यांच्याही हुबेहूब नकला निघाल्या, हे सांगावयास नकोच.

जाणकार व्यापारी आपल्या नजरेवर जगत असे. सामान्य म्हणून विकल्या जाणाऱ्या ढिगातून असामान्य नग उचलणे हे त्याचे कौशल्य होते, आणि ते शिकण्यास आयुष्य जाई. आता तो पुष्कळ अंशी मध्यस्थ झाला आहे : नाणी गोळा करावयाची, पाठवावयाची, आकडा आला म्हणजे विकावयाची. नवा संग्राहकही नाणे हाती घेऊन, कडेवरून बोट फिरवून, भिंगाखाली धरून शिकण्याऐवजी चिठ्ठी वाचून शिकतो. एकेकाळी चलनातून गेलेली पारख आता संग्रहातूनही जाऊ पाहते आहे.

खानदेशात सापडणाऱ्या नाण्यांस ही श्रेणी लावू गेले असता तिच्या मर्यादा विशेष स्पष्ट होतात. शिवराईचेच पाहा. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ एवढाच मजकूर. पण हातोड्याने ठोकताना ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, अशी स्थिती असल्यामुळे क्वचितच एखाद्या नगावर सर्व अक्षरे उमटलेली आढळतात. उरलेली अक्षरे झिजून गेली आहेत की मुळात उमटलीच नव्हती, हे केवळ सफाई पाहून ठरत नाही. चकतीचा आकार, ठशाची जागा, अक्षरांचे वळण हे सारे पाहावे लागते. शिवराईच्या अभ्यासकास तर अक्षराच्या वळणातच रस असतो, कारण टांकसाळ आणि काळ यांचा मागोवा त्यावरूनच घ्यावयाचा असतो. गुळगुळीत, देखण्या पण अर्ध्या अक्षरांच्या शिवराईपेक्षा खडबडीत, डागाळलेली पण ‘श्री’च्या वळणासह पूर्ण उमटलेली शिवराई त्याला शतपट मोलाची. प्राचीन नाण्यांसाठी ठोकणीचे आणि पृष्ठाचे गुण स्वतंत्रपणे देण्याची पद्धत २००८ पासून काही प्रमाणात सुरू झाली आहे, आणि ती अधिक समंजस आहे. परंतु बाजाराचे लक्ष अद्यापही एका आकड्यावरच असते.

चांदवडी रुपयाची गोष्ट याहून बोलकी आहे. त्यावर पुष्कळदा सराफांच्या खुणा आढळतात. त्या काळी ती खूण म्हणजे नाण्याच्या अंगावर कोरलेले प्रमाणपत्रच होते. ती असलेला रुपया अधिक विश्वासाने हातोहात जाई. आजच्या प्रतवारीत हीच खूण इजा मानली जाण्याचा संभव असतो. भोक पाडलेली, कडी लावलेली, घासलेली अथवा खुणा ठोकलेली नाणी अस्सल असली तरी त्यांना सरळ आकडा न देता दोषाची नोंद करून परत पाठविण्याची रीत आहे. एका परीक्षकाने ठोकलेली पसंतीची खूण दुसऱ्या परीक्षकाच्या नापसंतीचे कारण व्हावी, हा विपर्यास होय. शिवाय त्या खुणांचा अभ्यास केला तर कोणता रुपया कोणत्या पेठेतून गेला याचे काही धागे हाती लागण्यासारखे आहेत. बाजारात अशा नाण्यांचा भाव पडल्यास ती आटविली जातील आणि ते धागेही जातील.

खानदेशातील घराघरांतून असलेल्या चांदीच्या रुपयांचीही हीच गत आहे. राणीछाप आणि राजाछाप रुपये पिढ्यान्‌पिढ्या लक्ष्मीपूजनास मांडले जातात, आणि मांडण्यापूर्वी चिंचेने वा राखेने लख्ख घासले जातात. गृहिणीच्या दृष्टीने ते उजळ होतात. प्रतवारी करणाऱ्याच्या दृष्टीने त्यांचे मूळ पृष्ठ कायमचे नष्ट होते. लमाण व भिल्ल स्त्रियांच्या माळांतील रुपयांना कड्या जोडलेल्या असतात. हे रुपये विकावयास आलेल्या कुटुंबास आज सांगितले जाते की, नाणी खरी असली तरी त्यांना चांदीचाच भाव येईल. पूर्वी तोंडी घासाघीस होऊन थोडाफार अधिक भाव मिळत असे. म्हणजे तटस्थ पारखीचा लाभ दूरच्या संग्राहकास झाला आणि तिचा बट्टा मूळ मालकास बसला.

यात कायद्याचीही एक गुंतागुंत आहे. १९७२ च्या पुरावशेष व बहुमोल कलावस्तू अधिनियमानुसार शंभर वर्षांहून कमी नाही इतक्या जुन्या नाण्याची गणना पुरावशेषांत होते. असे नाणे देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकारास व त्याने अधिकृत केलेल्या संस्थेसच आहे, आणि त्याचा व्यापार करण्यास परवाना लागतो. तेव्हा चांदवडी रुपया किंवा शिवराई परदेशातील कचेरीकडे प्रतवारीसाठी म्हणून तात्पुरती पाठविणे, हेही निर्यातीच्या कक्षेत येते. शंभर वर्षांची ही रेषा दरवर्षी पुढे सरकते. वर उल्लेखिलेला १९११ चा रुपयाही आता तिच्या अलीकडे राहिलेला नाही. परिणामतः जगभर मान्य असलेला आकडा विनासायास मिळू शकतो तो अलीकडच्या नाण्यांनाच, आणि या प्रदेशाच्या इतिहासाशी ज्यांचा सर्वांत निकटचा संबंध त्यांचा बाजार अद्याप जुन्या शब्दावर चालतो. चोरवाटेने बाहेर जाऊन आकडा घेऊन येण्याचा मोह यातूनच उत्पन्न होतो.

नांगराच्या फाळाला लागलेल्या मडक्याचा प्रश्न याहूनही नाजूक आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास तो जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. सरकारने तो घेण्याचे ठरविल्यास मोबदला द्यावयाचा तो धातूची किंमत आणि तिच्यावर एक पंचमांश इतका. सापडलेल्या ठेव्यातील चार उत्तम नग सुटे विकले तर याच्या कितीतरी पट रक्कम येते, हे आता खेड्यातही माहीत झाले आहे. मग चार निवडले जातात, उरलेले मुशीत जातात आणि मडके फेकले जाते. एकत्र सापडलेल्या दोनशे नाण्यांवरून ठेवा पुरण्याचा काळ, चलनातील नाण्यांचे परस्परप्रमाण, झिजेची सरासरी हे सारे सांगता आले असते. डबीत बंद झालेली ती चार नाणी याविषयी काहीच सांगत नाहीत. ती कोठून आली हेही चिठ्ठीवर नसते.

डबीत गेलेल्या नाण्यावर अभ्यासकाचा हातही चालत नाही. ते तोलता येत नाही आणि कड नीट पाहता येत नाही. नगाची ओळख कशाने पटते, या प्रश्नाचे उत्तर खुद्द शेल्डनच्याच चरित्रातून मिळावे, हा योगायोग विलक्षण आहे. १९७७ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर काही वर्षांनी असे आढळून आले की, न्यूयॉर्क येथील अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्कृष्ट सेंट काढून घेऊन त्याने त्यांच्या जागी हलके नग ठेवले होते. ही अदलाबदल आकड्यांवरून उघडकीस आली नाही. जुनी छायाचित्रे जपून ठेवलेली होती. प्रत्येक नगाच्या अंगावरील बारीक व्रण त्यांच्याशी ताडून पाहिले, तेव्हा कोणते नाणे कोणाचे हे ठरले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. खानदेशातील खाजगी संग्रहांची आजवर जी हानी झाली, तीत चोरीपेक्षा नोंदीच्या अभावाचा वाटा मोठा असावा. दोन्ही बाजूंचे छायाचित्र, ग्रॅममधील वजन, दोन्ही ठशांची परस्पर दिशा आणि सापडल्याचे गाव, एवढ्या चार गोष्टी टिपण्यास प्रतवारीच्या शुल्काच्या शतांशही खर्च येत नाही. प्रतवारीसाठी नाणे पाठविणाऱ्या संग्राहकासही ते डबीत जाण्यापूर्वी एवढे करता येईल. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० पासून नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे. अशा नोंदी ताडून पाहण्याची सोय खानदेशाच्या इतक्या जवळ असताना त्या घेतल्या न जाव्यात, हे खेदजनक आहे.

त्याच अंजनेरी येथे भोगशक्तीचे ताम्रपट सापडले आहेत. कलचुरी संवत ४६१ च्या, म्हणजे इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या आरंभीच्या त्या पटात ‘कृष्णराज रूपक’ या नाण्यांचा उल्लेख येतो. एका बाजूस राजाचे मुख आणि दुसऱ्या बाजूस नंदी असलेली ही चांदीची लहान नाणी कलचुरी कृष्णराजाने सहाव्या शतकात पाडली. म्हणजे राजवंश जाऊन चालुक्यांचा अंमल आल्यावरही, शतकाहून अधिक काळ लोटल्यानंतर, ती या मुलखात हिशेबात धरली जात होती. या दीर्घ चलनाचा लेखी पुरावा त्या पटात आहे, आणि नाण्यांतील पुरावा शोधावयाचा झाल्यास तो अतिशय झिजलेल्या, मुख आणि नंदी जेमतेम ओळखू येणाऱ्या नगांतच शोधावा लागेल. शेल्डनच्या श्रेणीत त्यांना दोन किंवा तीन गुण मिळतील.